विश्लेषण : ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर धर्म काय सांगतो? इच्छामरणाच्या वादात संशोधनाचं काम काय?

शिनोली (ता. आंबेगाव) : ‘आता घरी न्या.’ भीमाशंकर रस्त्यावरच्या गावांत हे तीन शब्द कधीच ऐकले नाहीत, असं घर सापडणं अवघड आहे. आधी घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय, मग मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून पिंपरीचं वायसीएम किंवा पुण्याचं ससून, आणि एक दिवस अॅम्ब्युलन्स उलट दिशेनं गावाकडे निघते. घरी तोंडात तुळशीचं पान, गंगेच्या पाण्याचे दोन थेंब, कुणीतरी हरिपाठ लावतं. थोरलं माणूस म्हणतं, ‘आता सगळं त्याच्या हातात.’

याला गावात कुणी इच्छामरण म्हणत नाही. पण उपचार कधी थांबवायचे, ते कुणी ठरवायचं आणि धर्माला ते चालतं का, हे तिन्ही प्रश्न त्या अॅम्ब्युलन्समध्ये बसलेलेच असतात. फरक एवढाच की सर्वोच्च न्यायालयात त्यांच्यावर शेकडो पानांचे निकाल होतात आणि इथे भाऊ-भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून दहा मिनिटांत ठरवतात.

या वादात एक बाजू ‘धर्म परवानगी देत नाही’ म्हणते, दुसरी ‘आपल्या परंपरेत हे होतंच’ म्हणते. दोघांच्याही बोलण्यात काही दावे मोजून-तपासून पाहण्यासारखे असतात. ते तपासले तर काय दिसतं?

आधी शब्दांचा घोळ

मराठीत आपण सरसकट ‘इच्छामरण’ म्हणतो. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर येतात ते शरपंजरी भीष्म. म्हणजे शब्दातच वरदानाची छटा आहे. ‘दयामरण’ म्हटलं की तीच गोष्ट दुसऱ्या कुणीतरी रुग्णावर केलेली दया वाटते. इंजेक्शन देऊन जीव घेणं वेगळं आणि उपयोग नसलेला व्हेंटिलेटर काढणं वेगळं. भारतात पहिली गोष्ट गुन्हा आहे. दुसरीला न्यायालयानं अटींसह मान्यता दिली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०१८ मध्ये या विषयातल्या संज्ञांची व्याख्या प्रसिद्ध केली, तेव्हा ‘पॅसिव्ह युथनेशिया’ हा शब्दच वापरू नये, अशी भूमिका घेतली. कारण उपचार थांबवल्यावर माणूस आजारानं मरतो, डॉक्टरनं मारल्यानं नाही.

हा शब्दांचा कीस नाही. ‘तुमच्या धर्माला इच्छामरण मान्य आहे का?’ असा प्रश्न सर्व्हेत टाकला, तर उत्तर देणाऱ्याच्या मनात यातलं नेमकं काय होतं, हे सर्व्हे करणाऱ्याला कळत नाही. अशा आकड्यांवर पुढे कितीही आलेख काढले तरी पाया कच्चाच. त्यामुळे ‘अमुक टक्के भाविकांचा विरोध’ अशी बातमी दिसली, की आधी प्रश्न काय विचारला होता ते पाहावं.

अरुणा शानबाग : पुरावा कुणाचा?

महाराष्ट्राला हा विषय कळला तो केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला आणि पुढची जवळपास ४२ वर्षं त्या तिथल्याच एका खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीनं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हे जगणं नाही, जबरदस्तीचं अन्न थांबवा.

न्यायालयानं निर्णयाआधी तीन डॉक्टरांना पाहणीसाठी पाठवलं. टाटा मेमोरियलचे जे. व्ही. दिवाटिया, हिंदुजाचे न्यूरोलॉजिस्ट रूप गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ नीलेश शाह. त्यांनी तपासून सांगितलं की मेंदू मृत नाही. कायमस्वरूपी अचेतन अवस्थेचे बहुतेक निकष मात्र लागू होतात. दुसरीकडे केईएमच्या परिचारिका आणि डॉक्टर सांगत होते की त्या तोंडानं भरवलेलं खातात, चेहऱ्यावर आवडनिवड दिसते, आवाज काढतात.

दोन्ही बाजूंकडे निरीक्षणं होती, हे इथे महत्त्वाचं. एक ठरावीक चाचण्यांतून आलेलं, दुसरं दशकानुदशकं रोज भरवण्यातून, अंग पुसण्यातून आलेलं. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठानं विराणी यांची याचिका फेटाळली. अरुणांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं म्हटलं आणि त्याच निकालात उपचार थांबवण्याला काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, दार उघडलं. १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचं न्यूमोनियानं निधन झालं.

परिचारिकांनी धर्माचं नाव फारसं घेतलं नाही. पण ‘ती आमची आहे, आम्ही तिला उपाशी ठेवणार नाही’ ही भूमिका कोणत्याही मठा-मंदिरातल्या नीतिविचारापेक्षा कमी नव्हती. दिवाटिया समितीचा अहवाल ती खोडूही शकत नव्हता आणि सिद्धही करू शकत नव्हता. अहवाल एवढंच सांगू शकत होता की मेंदूची अवस्था काय आहे आणि सुधारण्याची शक्यता किती.

धर्मग्रंथातला ‘जर’

आता मुद्द्यावर येऊ. प्रोग्रामिंगमध्ये ‘जर असं असेल, तर तसं कर’ अशी ओळ असते. धर्मशास्त्रांतले मृत्यूविषयीचे नियम बऱ्याचदा याच साच्यातले आहेत. ‘तर’ काय करायचं ते धर्म सांगतो. ‘जर’ खरा आहे की नाही, हे मात्र पाहूनच ठरवावं लागतं.

रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाची वचनं गोळा केली आहेत. आत्मघात निषिद्ध, हा सर्वसाधारण नियम. त्याला स्मृतींनी अपवाद सांगितला तो अतिवृद्ध, शौचाचे नियमही पाळू न शकणाऱ्या आणि वैद्यांनी हात टेकलेल्या माणसाचा. पुढे कलिवर्ज्य प्रकरणात हा अपवादही बंद झाला. पण मूळ अटीकडे पाहा : ‘वैद्यांनी हात टेकले’ हे वाक्य धर्मशास्त्राचं नाही, वैद्यकाचं आहे. आणि ते काळाप्रमाणे बदलतं. शंभर वर्षांपूर्वी न्यूमोनियात वैद्य हात टेकायचे. आज पाच दिवसांच्या अँटिबायोटिकनं माणूस घरी येतो.

जैन परंपरेतल्या सल्लेखनेच्या अटीही अशाच आहेत : उपाय नसलेला आजार, जर्जर वार्धक्य, दुष्काळ, संकट. मराठी मुलखातलं ठळक उदाहरण आचार्य शांतिसागर महाराजांचं. १९५५ मध्ये कुंथलगिरी क्षेत्रावर त्यांनी सल्लेखना घेतली, ती दृष्टी जात चालली म्हणून. जीवजंतू न दिसता चालणं आणि आहार घेणं म्हणजे अहिंसेचं व्रत मोडणं. डोळ्यांवर इलाज होता की नाही, हा प्रश्न इथे आपोआप धार्मिक होतो.

कॅथलिक चर्चकडेही हेच दिसतं. नोव्हेंबर १९५७ मध्ये पोप पायस बारावे यांना भूलतज्ज्ञांनी विचारलं की कृत्रिम श्वासाचं यंत्र चालू ठेवणं बंधनकारक आहे का? उत्तर आलं की साधारण उपाय करणं कर्तव्य, असाधारण उपायांची सक्ती नाही. आणि मृत्यूचा नेमका क्षण ठरवणं हे चर्चचं नव्हे, डॉक्टरांचं काम. १९८६ मध्ये अम्मान इथे आंतरराष्ट्रीय इस्लामिक फिकह अकादमीनं तज्ज्ञांनी मेंदूचं कार्य कायमचं थांबल्याचं सांगितलं तर यंत्रं काढता येतील, असा ठराव केला. मृत्यूची व्याख्या शतकानुशतकं हृदय-श्वासावर होती; वैद्यकानं नवी माहिती समोर ठेवली आणि फतव्याची भाषा बदलली.

संशोधनानं कोणते समज हलवले?

पहिला समज मॉर्फिनचा. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात मॉर्फिन दिलं तर वेदना कमी होते पण आयुष्यही कमी होतं, म्हणून ते ‘हळूहळू मारणं’ आहे, अशी भीती अनेक भाविक कुटुंबांत असते. ख्रिस्ती नीतिविचारात त्यावर एक स्वतंत्र सिद्धांतच आहे : हेतू वेदनाशमनाचा असेल तर आयुष्य थोडं घटलं तरी दोष नाही. पण योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिननं आयुष्य घटतं का, हे अभ्यासलं गेलं तेव्हा तसा ठोस पुरावा मिळाला नाही. २००३ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेला आढावा हेच सांगतो. म्हणजे ज्या कोड्यासाठी सिद्धांत लागत होता, ते कोडंच बहुतेक वेळा अस्तित्वात नाही. घरात कुणी कळवळत असेल आणि ‘पाप लागेल’ म्हणून औषध थांबवलं जात असेल, तर हा निष्कर्ष पोहोचणं गरजेचं आहे.

दुसरा समज नळीतून अन्न देण्याचा. ‘अन्न-पाणी थांबवणं म्हणजे उपाशी मारणं’ हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही धर्माचा माणूस म्हणेल. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये अचेतन रुग्णाला अन्न-पाणी देणं तत्त्वतः कर्तव्य मानलं, मात्र त्यातून पोषण खरोखर मिळतंय तोवर. पुन्हा ‘जर’! वाढलेल्या स्मृतिभ्रंशात नळी घातल्यानं आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो, याला पुरावा नाही, असं १९९९ मध्येच ‘जामा’ या नियतकालिकातल्या आढाव्यानं दाखवलं होतं. अर्थात हा निष्कर्ष स्मृतिभ्रंशाचा आहे. अपघातात मेंदूला मार लागलेल्या तरुणाला तो लावता येत नाही.

तिसरा धक्का उलट बाजूनं बसला, उपचार थांबवा म्हणणाऱ्यांना. अचेतन रुग्णाला काही कळत नाही, हे गृहीतक २००६ पासून डळमळलं. स्कॅनरमध्ये झोपवून ‘टेनिस खेळताय अशी कल्पना करा’ म्हटल्यावर एका रुग्णाच्या मेंदूनं निरोगी माणसासारखा प्रतिसाद दिला. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, सांगितलेलं काहीही करून न दाखवणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांमध्ये, म्हणजे चौघांत एकामध्ये, अशी आतली हालचाल आढळली. केईएमच्या परिचारिकांचं म्हणणं यानं सिद्ध होत नाही. अरुणांची अशी चाचणी झाली नव्हती. पण त्यांना ‘भावनिक’ म्हणून बाजूला सारणं आता तितकं सोपं राहिलेलं नाही.

आणि चौथा, मला सर्वांत विचार करायला लावणारा. माणूस मरण का मागतो? आपण म्हणतो, वेदनेमुळे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९७ पासून डॉक्टरांच्या मदतीनं मृत्यूचा कायदा आहे आणि राज्य दरवर्षी आकडे प्रसिद्ध करतं. तिथे दहापैकी साधारण नऊ जणांच्या कारणांत ‘स्वायत्तता गेली’ हे असतं. वेदना किंवा वेदनेची भीती यादीत बरीच खाली. म्हणजे ‘दया’ या धार्मिक मूल्यावर उभा केलेला युक्तिवाद ज्या माणसांसाठी आहे, ती माणसं भलतंच काही सांगताहेत. आपल्याकडे मात्र ‘कुणावर भार नको’ हे वाक्य आधी येतं. ते स्वायत्ततेचं नाही. त्यात सुनेचा वेळ आहे, रोजंदारी बुडाल्याचा हिशोब आहे, विकावा लागलेला जमिनीचा तुकडा आहे. ओरेगनचे आकडे आंबेगावला लावण्याची चूक म्हणूनच करू नये.

भाविक माणूस शेवटी काय करतो?

श्रद्धा असली की माणूस मृत्यू शांतपणे स्वीकारतो, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत ३४५ कॅन्सर रुग्णांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलट दिसलं. आजाराला तोंड देताना धर्माचा आधार जास्त घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्के शेवटच्या काळात व्हेंटिलेटरवर गेले, कमी घेणाऱ्यांपैकी ३.६ टक्के. संशोधकांचा एक अंदाज असा की देव चमत्कार करेल ही आशा उपचार सोडू देत नाही. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात, रुग्णालयाच्या पथकानंच आध्यात्मिक आधार दिला तेव्हा वेदनाशामक सेवेकडे वळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हे रुग्ण बहुतांश ख्रिस्ती होते. वारकरी घरात असंच घडेल, असं यावरून म्हणता येत नाही.

मुंबईचा एक अभ्यास इथे जास्त उपयोगी आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शहरातल्या चार आयसीयूंमधले मृत्यू पाहिले गेले. संशोधकांत तेच दिवाटिया होते, जे सहा वर्षांनी अरुणांना तपासायला गेले. साधारण एक तृतीयांश मृत्यूंच्या आधी उपचार कुठेतरी मर्यादित केले होते. मात्र बहुतेकदा ‘नवं काही वाढवायचं नाही’ असा निर्णय. चालू यंत्र काढण्याचं प्रमाण अगदी थोडं. लक्षात घ्या, तेव्हा यातल्या कशालाच स्पष्ट कायदेशीर मान्यता नव्हती. कायदा, धर्म आणि संस्कृती यांवर व्यासपीठांवर वाद चालू असताना आयसीयूत निर्णय होतच होते, गुपचूप.

सल्लेखना आत्महत्या आहे का?

ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा म्हणजे आत्महत्येचाच प्रकार ठरवला, देशभर जैन समाज रस्त्यावर आला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं निकालाला स्थगिती दिली. विरोधकांचा आरोप : वृद्धांवर, विशेषतः बायकांवर दबाव येतो. समर्थकांचं उत्तर : हे शांतपणे, गुरूंच्या परवानगीनं, टप्प्याटप्प्यानं होतं.

दोन्ही विधानं तपासता येण्यासारखी आहेत, आणि खरं तर तपासायला हवीत. व्रत घेणाऱ्यांचं वय काय, आजार कोणता, उपचार परवडत होते का, मध्येच व्रत सोडता आलं का? ओरेगनमध्ये ज्या रुग्णांनी स्वेच्छेनं अन्न-पाणी सोडलं त्यांच्या परिचारिकांना विचारलं गेलं, तेव्हा बहुतेकींनी तो मृत्यू शांत असल्याचं सांगितलं (२००३). पण त्या रुग्णांना हॉस्पिसची सेवा होती. शिवाय ‘शांत’ म्हणजे ‘धर्म्य’ असं होत नाही. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला, वयाच्या ८७ व्या वर्षी, औषध-अन्न नाकारून देह ठेवला. सावरकरांनी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडलं आणि त्याआधी ही आत्महत्या नव्हे, आत्मार्पण आहे, अशी मांडणी लेखातून केली. दोघांच्या श्रद्धा दोन टोकांच्या, शरीरात घडणारी गोष्ट मात्र तीच. आत्मार्पण की आत्महत्या, हा फरक रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. तिथे संशोधनाचं काम संपतं. दबावाचा आरोप मात्र रिपोर्टमध्ये दिसू शकतो, म्हणून ‘हा श्रद्धेचा विषय आहे’ म्हणून अभ्यासच नको, ही भूमिका मला पटत नाही.

मग सर्व्हेवरून धर्म ठरवायचा?

नाही. १०० पैकी ७० भाविक एखादी गोष्ट करतात, म्हणून ती योग्य ठरत नाही. हुंडा किती घरांत घेतला जातो यावरून तो योग्य ठरत नाही तसंच. पण एखादा नियम पाळायला ९० जणांकडे साधनंच नसतील, तर नियम सांगणाऱ्यानं ते ऐकायला हवं. ‘शेवटपर्यंत सेवा करा’ हे सांगणं सोपं आहे. सेवा करणारी सून रात्री किती झोपते, हे मोजल्यावर तोच उपदेश वेगळा ऐकू येतो.

गावातून हे कसं दिसतं?

२०१५ च्या ‘क्वालिटी ऑफ डेथ’ निर्देशांकात भारत ८० देशांत ६७ वा होता. मॉर्फिन आणि घरपोच वेदनाशामक सेवा शहरांबाहेर अजूनही तुरळक आहे. अशा ठिकाणी ‘आता घरी न्या’ हा ना धार्मिक स्वीकार असतो, ना वैद्यकीय निर्णय. बऱ्याचदा तो पैसे संपल्याचा निरोप असतो. कागदावर ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ अशी सही होते आणि सगळी जबाबदारी घरच्यांच्या अंगठ्याखाली जाते.

सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हाची प्रक्रिया इतकी किचकट होती की २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी करावी लागली. आता स्थिती अशी : सज्ञान व्यक्ती शुद्धीत असताना, दबावाशिवाय, दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवू शकते की बरं होण्याची आशा नसेल तर कोणते उपचार नकोत. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करायचं. रुग्णालयात वेळ आली तर उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असं प्राथमिक मंडळ. त्यांच्या मताची खातरजमा करणारं दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो. दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं आणि अंमलबजावणीआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. लिव्हिंग विल नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीनं हीच मंडळं निर्णय घेऊ शकतात.

मुंबईचे डॉक्टर निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं आणि ते जपून ठेवणारा अधिकारीच नाही म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमण्याची हालचाल झाली. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. एम. एस. सोनक यांनी स्वतः लिव्हिंग विल नोंदवलं.

२०२३ च्या निकालात प्रत जमा करण्यासाठी महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांच्या सक्षम अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. म्हणजे शिनोलीतल्या एखाद्या आजोबांना असं लिहून ठेवायचं असेल, तर कायद्याच्या दृष्टीनं त्यांना पुण्याला जायची गरज नाही. घोडेगावला नोटरी, सोबत दोन साक्षीदार, आणि प्रत घेऊन पंचायतीत. तिथे ग्रामसेवकानं ‘हा कसला कागद?’ असं विचारलं, तर २०२३ च्या निकालाची प्रत मोबाइलवर तयार ठेवलेली बरी.